सड्यावरच्या घराला ग्रॅफाइटचं अर्थिंग मॉड्यूल घ्यावं का? कसं बसवायचं?

तुम्ही देवगडजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, घर बांधताय, हातभर मातीखाली नुसता जांभा लागतो, आणि वायरमन म्हणतोय की मीठ-कोळशाचा खड्डा नको, ग्रॅफाइटचं मॉड्यूल, म्हणजे आत लोखंडी गाभा असलेला ग्रॅफाइटचा तयार ठोकळा, घ्या. माझ्या मते तो बरोबर सांगतोय. पण जांभ्यात भोक पाडून ते नुसतं पुरलं तर पैसे फुकट जातील. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जांभा पाणी धरून ठेवत नाही. अर्थिंगचा जमिनीतला रोध ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका चांगला. ऑगस्टमध्ये 4 ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात 20 च्या वर गेलेला मी स्वतः मोजलाय. आता 20 ओहम म्हणजे काय ते बघा. गिझरची फेज बॉडीला लागली, तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. तेवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडतच नाही. बॉडी जिवंत राहते, आणि घरातलं कुणीतरी ओल्या हाताने नळ सोडायला जातं. 5 ओहम असले तरी 46 अँपिअरच येतात, 32 चा एमसीबी त्यावर झटकन पडत नाही. म्हणून अर्थिंग कितीही भारी करा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच, लावाच. यात काटकसर नको.

मीठ घातलं की आकडा लगेच उतरतो, हे खरं. पण आपल्याकडच्या पावसात ते धुऊन जातं, आणि जाताजाता खड्ड्यातला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप खातं. वेंगुर्ल्याला एकदा जुना खड्डा उकरला. वर चेंबर, झाकण सगळं जागच्या जागी. हातभर खाली पाइपला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर टोक आरपार गेलं, आणि पाइपपासून घरात जाणाऱ्या पट्टीचे तांबूस पापुद्रे हातात आले. त्या घरातली माणसं आपल्याला अर्थिंग आहे या भरवशावर राहत होती.

ग्रॅफाइट गंजत नाही, मॉड्यूल पाइपपेक्षा जाड असल्याने मातीला जास्त अंगाने भिडतं आणि ओल धरतं. त्याचा उपयोग एवढाच, आणि तो मोठा आहे. दुखणं असतं सांध्यात. मॉड्यूलमधून बाहेर आलेल्या लोखंडी गाभ्याला आपण जीआय पट्टी जोडतो. ओल्या, खारट जमिनीत ग्रॅफाइटला जोडलेला धातू उघडा राहिला तर सेलसारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं ते लोखंड. म्हणून पट्टी रुंदीच्या दुप्पट चढवून वेल्ड करा, वरचा मळ ठोकून काढा, आणि सांधा थंड झाल्यावर डांबराचे दोन जाड हात द्या. मॉड्यूलच्या अंगाला मात्र डांबर लागू देऊ नका. हा सांधा मी कधी मदतनिसावर सोडत नाही.

जागा न्हाणीघराच्या किंवा शिंपणं मिळणाऱ्या माडांच्या बाजूची निवडा, तिथे उन्हाळ्यातही ओल राहते. खड्डा मॉड्यूलपेक्षा चांगला ऐसपैस घ्या, आणि मॉड्यूलचं वरचं टोक जमिनीखाली निदान 80 सेंटिमीटर जाऊ दे. खणलेला जांभ्याचा चुरा परत आत टाकू नका. मळ्यातली चिकण माती आणा, खडे वेचून काढा, वीतभर थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मग मॉड्यूलला दोष देतात. दोन-तीन मॉड्यूल लागली तर त्यांच्यात किमान 4 मीटर अंतर ठेवा. जवळ पुरली तर एकमेकांचीच माती वापरतात आणि आकडा फारसा उतरत नाही. उतरवताना आपटू नका, तडकतात.

सड्यावर वळवाच्या विजा पडतात, तेव्हा वीजरोधक बसवणार असालच. त्याची पट्टी भिंतीबाहेरून सरळ खाली आणा, पण जमिनीखाली ती घरच्या अर्थिंगला जोडा. दोन्ही वेगळी ठेवली तर वीज पडताना त्यांच्यात प्रचंड दाब तयार होतो आणि ठिणगी घरातूनच उडते.

काम झाल्यावर वायरमनला अर्थ टेस्टर लावून आकडा दाखवायला सांगा, बल्ब पेटवून दाखवला तर ऐकू नका. आणि खरी मोजणी मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. तो आकडा 5 ओहमच्या वर गेला तर इथेच कळवा, खड्ड्याचा आणि सांध्याचा फोटो टाका, आणखी एक मॉड्यूल लागेल की माती बदलावी लागेल ते बघून सांगतो.