अस्वलाच्या मुलखात शॉटगन : चोक कोणता, काडतूस कोणते?

प्रश्न : भूगर्भ सर्वेक्षणाच्या कामासाठी मला तपकिरी अस्वलांचा वावर असलेल्या भागात दोन महिने राहायचे आहे. सोबत परवान्याची 12 बोअरची पंप शॉटगन असेल. तिला सध्या फुल चोक (नळीचे तोंड बरेच आवळणारा) बसवलेला आहे. छर्रे एकत्र राहून मार जोरात बसतो, म्हणून तोच ठेवावा, असे एक सहकारी म्हणतात. दुसऱ्यांच्या मते पहिले काडतूस बकशॉटचे (अनेक मोठ्या छऱ्यांचे) आणि मागची स्लगची (एकाच जड गोळीची) भरावीत. काय करावे?

उत्तर : फुल चोक काढून सिलिंडर (न आवळलेला) किंवा इंप्रूव्हड सिलिंडर (किंचित आवळलेला) चोक बसवावा, आणि स्वसंरक्षणासाठी भरलेली सर्व काडतुसे स्लगचीच ठेवावीत.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला निमुळतेपणा. 12 बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो आणि फुल चोक तो जेमतेम एक मिलिमीटरने आवळतो. तेवढ्याने छर्रे दूरवर एकत्र राहतात हे खरे. पण प्रत्येक छऱ्याची आत घुसण्याची ताकद त्यामुळे वाढत नाही, आणि आपल्या पहिल्या सहकाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. 00 क्रमांकाच्या बकशॉटच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे 8.4 मिलिमीटरचे नऊ छर्रे असतात आणि त्यांचे एकत्रित वजन 31 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 28 ग्रॅमच्या स्लगपेक्षा थोडे अधिकच भरते. तरीही प्रत्येक छर्रा आपल्या साडेतीन ग्रॅमांच्या बळावरच पुढे जातो. अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाच्या दाट केसांखाली चरबीचा थर, खांद्याचे जाड स्नायू आणि भक्कम हाडे असतात; त्यांतून मर्मापर्यंत पोहोचायला एकसंध, जड आणि सहज न फुटणारा गोळा लागतो.

म्हणूनच आधी बकशॉट, मग स्लग हा क्रम मला मान्य नाही. अस्वल ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते. 30 मीटरचे अंतर त्याला दोन-सव्वादोन सेकंदांचे असते. एवढ्या वेळात पहिलाच बार नीट नेम धरून काढता येणारा एकमेव बार ठरण्याची शक्यता मोठी, आणि तोच दुबळ्या काडतुसाचा का असावा?

स्लगमध्येही निवड आहे. फॉस्टर पद्धतीचा स्लग मऊ शिशाचा आणि मागून पोकळ असतो. पुढचा भाग जड असल्याने तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून सरळ जातो, पण आदळल्यावर लवकर चपटा होतो. ब्रेनेके पद्धतीचा स्लग भरीव असतो, त्याच्या मागे बूच जोडलेले असते आणि तो अधिक खोल जातो. अस्वलासाठी माझी पसंती यालाच आहे. दोन्हींच्या अंगावरील तिरप्या कंगोऱ्यांनी स्लग फिरतो असे अनेकांना वाटते, परंतु त्यांचा खरा उपयोग चोकमधून जाताना दबून वाट काढण्यासाठी होतो. आवळ चोकमध्ये ते फार दबले की नेम बिघडतो. कठीण धातूचा स्लग असेल तर चोकला किंवा नळीला इजाही होऊ शकते, म्हणून खोक्यावरील सूचना वाचल्याशिवाय काडतूस भरू नये. सॅबो स्लग (प्लास्टिकच्या आवरणात बसवलेले) मात्र आतून पेच कोरलेल्या नळीसाठी असतात. साध्या गुळगुळीत नळीतून ते हवेत कोलांट्या खातात.

नळीवरील खूण अवश्य पाहावी. 70 मिलिमीटरच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) 76 मिलिमीटरचे काडतूस कधीही घालू नये. न उडालेले काडतूस लांबीला आखूड असल्याने ते आत बसते, आणि धोका तिथेच आहे : बार उडताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही व दाब भयंकर वाढतो. निघण्यापूर्वी निवडलेल्याच काडतुसांनी 10, 20 आणि 30 मीटरवर कागदी लक्ष्यावर सराव करावा आणि चोकचे आटे घट्ट आहेत ना, हे दर वेळी तपासावे.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी सांगणे मला आवश्यक वाटते. बंदुकीबरोबर अस्वल-स्प्रे (मिरचीच्या तिखट अर्काचा फवारा) कमरेला, हाताशी असू द्यावा. अलास्कातील 1985 ते 2006 या काळातील प्रसंगांचा जो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरल्यावर दहापैकी नऊहून अधिक वेळा त्यांचे आक्रमक वर्तन थांबल्याचे आढळले. आवाजाची फटाका-काडतुसे नेणार असाल, तर ती आवळ चोकमध्ये अडकू शकतात, हेही फुल चोक काढण्याचे एक कारण आहे. ती अस्वलाच्या अलीकडे फुटली पाहिजेत. पलीकडे फुटली, तर बिथरलेले जनावर सरळ आपल्याच दिशेने धावत येते.