ओव्हरस्पीडचं चालान आलंय? भरण्याआधी वाच

पोरा,

चालानाचा फोटो मिळाला. वेग ८७, मर्यादा ८०, दहाचाकी गाडी, चौपदरी हायवे, वेळ पहाटे सव्वापाच. शेठ म्हणतात भत्त्यातून कापतो, आणि तू म्हणतोस की भरून टाकतो, कटकट नको. जरा थांब. भरायला दोन मिनिटं लागतात, पण भरलं म्हणजे गुन्हा कबूल केला. रक्कम तर जाईलच, पण तुझ्या हेवी लायसनवर काय चढतंय ते आधी बघायला हवं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ हे वेगाचं कलम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या गाडीला १००० ते २००० आणि मध्यम किंवा जड गाडीला २००० ते ४००० रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलास तर दंडावर भागत नाही, लायसन जप्त होतं. जप्त लायसन आरटीओकडे जातं. तिथे तुझं म्हणणं ऐकून घेऊन तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं, आणि पुन्हा तसंच झालं तर लायसन थेट रद्द होऊ शकतं. म्हणून सुनावणीची नोटीस आली तर खेप सोड पण हजर राहा. तीन महिने स्टिअरिंगला हात नाही म्हणजे घरात किती महिन्यांचे हप्ते थकतील, हा हिशेब तूच कर. लोक चार हजारांवर भांडत बसतात, हा हिशेब मांडत नाहीत.

आता तुझा प्रश्न: गाडीला गव्हर्नर (वेगमर्यादक) आहे, ८० च्या वर पळतच नाही, मग ८७ कशी लागली?

१ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या ट्रकला वेगमर्यादक कंपनीतूनच बसून येतो. साध्या मालट्रकला तो ८० वर लावलेला असतो. टँकर, डंपर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ६० वर. पण तो करतो काय, तर ८० झाले की इंजिनाचं डिझेल तोडतो. ब्रेक तो लावत नाही. भरलेली २८ टनांची गाडी उताराला लागली की अॅक्सिलरेटरवरून पाय काढलास तरी तिचं वजनच तिला ढकलतं. काटा ८० वरून ८३, मग ८६ असा सरकत जातो, आवाज तर उलट कमी होतो, म्हणून लक्षातही येत नाही. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर इंजिनाची ओढही गेली, मग ९५ सुद्धा लागते. शिवाय तो सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, हे वेगळंच. फोटो पडलेली जागा नकाशावर काढून बघ. बहुतेक लांब, सरळ, अंगावर न येणारा उतारच निघेल. तसा उतार लागायच्या आधीच ७० वर ये, गिअर धरून ठेव, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी ओढून धरणारा) चालू कर. काटा ८० ला टेकल्यावर जागा होऊन उपयोग नाही.

दुसरं कारण टायर. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. मूळ ९.०० मापाच्या जागी कुणी १०.०० मापाचे टायर चढवले असतील तर चाकाचा व्यास साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२-८३ ला असते, आणि गव्हर्नरही त्याच आकड्यावर विसंबून असतो. टायर घासलेले असतील तर उलटं होतं, काटा जास्त दाखवतो आणि तुझं नुकसान नाही. तपासायला मीटर लागत नाही: सपाट मोकळ्या रस्त्यावर काटा बरोबर ६० वर धर आणि किलोमीटरचे दगड मोज. दगड ते दगड ६० सेकंद लागायला हवेत. एकावर भरवसा ठेवू नकोस, पाच दगड मोज. पाच मिनिटांच्या आत पाचवा दगड आला तर काटा कमी दाखवतोय, शेठना सांगून दुरुस्त करून घे.

आणि मर्यादा सगळीकडे ८० नाही, यात बरेच जण फसतात. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मालगाडीला द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर जास्तीत जास्त ८०. शहराच्या हद्दीत आणि बाकीच्या रस्त्यांवर ६०. राज्य सरकारं आणि स्थानिक अधिकारी याहून कमी ठेवू शकतात. घाटात ती फारच खाली येते, आणि तिथे रस्त्याकडेच्या पाटीवरचा आकडा खरा. चौपदरी संपून दोनपदरी लागला की तुझा ७५ चा आरामाचा वेग लगेच गुन्हा होतो, आणि ८० वर लावलेला गव्हर्नर तिथे काही कामाचा नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सरासरी वेग पकडणारी यंत्रणा आहे, हेही ध्यानात ठेव. दोन ठिकाणी नंबर प्लेट वाचतात आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात. १० किलोमीटरला ८० च्या वेगाने साडेसात मिनिटं लागतात; तू ६ मिनिटं ४० सेकंदांत पोचलास तर तू ९० होतास. कॅमेऱ्याखाली ब्रेक दाबून पुढे सोडायची जुनी सवय इथे चालत नाही. उलट मागच्या गाडीला धोका. आणि मिळतं काय? १०० किलोमीटरला ८० ऐवजी ८८ ने गेलास तर जेमतेम सात मिनिटं वाचतात. चहाच्या टपरीवर ती जातात.

आता चालान समोर घे. फोटो मोठा करून बघ. प्लेट खरोखर तुझीच आहे का? यंत्र ८ ला बी आणि ० ला डी वाचतं, १ आणि ७ ची गल्लत होते, चिखलाने भरलेल्या प्लेटवर तर काहीही वाचेल. गाडीचा रंग, बॉडी, चाकांची संख्या जुळते का? दुसऱ्याने तुझा नंबर लावून फिरणं हा प्रकारही नवा नाही. फोटोत दोन गाड्या असतील तर वेग कुणाचा मोजलाय हे विचारण्यासारखं आहे. सपाटीवर गव्हर्नरवाल्या ट्रकचा वेग १०० च्या वर दाखवला आणि शेजारून कार ओव्हरटेक करतेय, असं दिसलं तर ते चालान गप्प भरू नकोस. मग गाडीचा प्रकार बघ: साडेसात टनांच्या आतलं एकूण वजन असलेली गाडी हलकी धरतात, तिला जड गाडीचा दंड लागता कामा नये.

कलम कोणतं लिहिलंय ते सगळ्यात आधी बघ. १८३ असेल तर वेग. १८४ असेल तर ते धोकादायक गाडी चालवणं, आणि त्यात पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्हीही, असं लिहिलेलं आहे. १८४ किंवा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) दिसलं तर स्वतः डोकं चालवू नकोस, कबुलीही देऊ नकोस, वकील गाठ. तिथे दोन हजारांची फी वाचवणं महागात पडतं.

कॅमेऱ्याच्या चालानात काय असायला हवं हे २०२१ च्या नियमांत लिहिलंय. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कलम, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र (पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३). यंत्राला मंजुरी असावी लागते आणि ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. कॅमेरा आहे असं सांगणारी पाटी आधी असायला हवी, आणि गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते. यातलं काही राहिलं म्हणून चालान आपोआप रद्द होतं असं समजू नकोस; पण तक्रारीत लिहायला हे मुद्दे आहेत. ‘साहेब माफ करा, पहिलीच वेळ आहे’ याने काही होत नाही.

तुझ्यासारख्या पगारी ड्रायव्हरसाठी एक बारीक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याचं चालान गाडीच्या नंबरावर पडतं. रस्त्यात पोलिसाने थांबवून मशीनवर केलेलं चालान तुझ्या लायसन नंबरावर पडतं. मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ही माहिती देणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. इथेच गोंधळ होतो. एका गाडीवर महिन्यात तीन ड्रायव्हर बसतात आणि नाव पडतं शेवटच्याचं. म्हणून प्रत्येक खेपेचा ताबा कधी घेतलास, कधी सोडलास, याचा शेठना एक साधा मेसेज टाकत जा: तारीख, वेळ, किलोमीटर. ई-चलान परिवहनच्या पोर्टलवर लायसन नंबर टाकूनही चालान शोधता येतं. महिन्यातून एकदा बघ. दुसऱ्याचं चालान तुझ्या लायसनवर चढलं तर तुझ्या पुढच्या चुकीला ती ‘दुसरी वेळ’ धरली जाईल.

चालानाचे पैसे कुणी द्यायचे हे खेप सुटण्याआधी ठरवा. आणि शेठ ‘सकाळी सातला गाडी खाली झाली पाहिजे’ म्हणत असतील, जे ८० च्या वेगात शक्यच नाही, तर तो मेसेज पुसू नकोस. कलम १८३ गाडी चालवणाऱ्याइतकंच, आपल्या हाताखालच्या माणसाला वेगाने चालवायला लावणाऱ्यालाही लागू होतं.

तक्रार करायची असेल तर आधी पुरावा गोळा कर, मग लिही. जीपीएसचा त्या तासाभराचा अहवाल शेठच्या लॉगिनमधून काढ. तो काही दिवसांनी पुसला जातो, म्हणून आजच. फास्टॅगच्या उताऱ्यावर टोलनाक्याची वेळ असते. आधीच्या आणि नंतरच्या नाक्यातलं अंतर आणि वेळ धरून सरासरी निघते. सरासरी कमी निघाली म्हणून त्या क्षणी ८७ नव्हती असं सिद्ध होत नाही, पण गाडी तिथे नव्हतीच असं म्हणायचं असेल तर हाच पुरावा. बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती), लोडिंग स्लिप, वजनकाट्याची पावती, सगळ्यांवर वेळ असते. महाराष्ट्राचं चालान महाट्रॅफिकच्या अॅपवर किंवा साइटवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून उघडतं, तक्रारीची सोयही तिथेच आहे. चार ओळींत लिही: चालान नंबर, काय चुकलंय, पुरावा काय. मुदत बघून घे.

चालान व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन कोर्टात, गेलं असेल तर दोनच वाटा: भरायचं किंवा लढायचं. लढायचं निवडलंस की प्रकरण ज्या भागात गुन्हा झाला तिथल्या कोर्टात जातं, आणि तिथे तारखा पडतात. तू नागपूर लाइनला आणि कोर्ट कोल्हापूरकडे, असं झालं तर दोन खेपा बुडतील. म्हणून माझं मत विचारशील तर गाडी तुझी, फोटो स्वच्छ, उतार होता आणि ८७ लागली होती, तर भर. गाडीच तुझी नसेल, प्लेट चुकली असेल किंवा कलम १८४ असेल तर लढ, खर्च झाला तरी. जुनी साचलेली चालानं असतील तर राष्ट्रीय लोकअदालतीची वाट बघता येते. तिथे तडजोडीत रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोड आहे, निर्दोष सुटका नाही.

थकवत मात्र ठेवू नका. थकलेल्या चालानांमुळे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीची कामं अडकतात, आणि ते कळतं पासिंगच्या दिवशी, एजंट आणि शेठ दोघं तुझ्या नावाने ओरडत असताना.

पोलिसाने रस्त्यात थांबवलं तर डाव्या कडेला पूर्ण आत घे, हॅझर्ड लाव, इंजिन बंद कर. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून दाखव. गॅलरीतला फोटो म्हणजे कागद नव्हे. स्पीडगनवरचा आकडा, अंतर आणि वेळ बघायला माग, आवाज न चढवता. कुणाच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राचं मोजमाप लागतं, हे कलम १८३ मध्येच आहे. नोटा हातात देऊ नकोस. मशीनची पावती नाही तर पैसे नाहीत. लायसन घेतलं तर त्याची पावती घेतल्याशिवाय जागा सोडू नकोस.

आणि व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चालान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप घालणारी) आली तर उघडू नकोस, तुझ्या खात्यावरच डल्ला पडेल. चालान नेहमी स्वतः साइट उघडून बघायचं.

जीपीएसचा अहवाल आज संध्याकाळपर्यंत काढ. तो, फास्टॅगचा उतारा आणि चालानाचा मोठा केलेला फोटो मला पाठव. फोटोत मागची कार कुठल्या लेनमध्ये आहे ते मला अजून नीट दिसत नाहीये.