आयांच्या मनासाठी वेगळं सत्र घ्यावं का?

दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आयांचा गट सुरू करताय आणि आयांच्या मानसिक आरोग्याचं सत्र वेगळं ठेवावं का, असं विचारलंय. ठेवू नका. 'नैराश्य' असं नाव दिलेल्या सत्राला नेमकी जिला गरज आहे तीच येत नाही. बाळाच्या खेळाला मात्र घरचेही पाठवतात.

पण मग आईचं मन सांभाळलं की बाळाचं आपोआप होईल, असंही धरून चालू नका. पाकिस्तानच्या ग्रामीण भागातल्या, आयांच्या नैराश्यावरच्या 'थिंकिंग हेल्दी' अभ्यासात (२००८) प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या भेटींनंतर बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा २३ टक्के आयांना नैराश्य होतं. साध्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. बाळांच्या उंची-वजनात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही कामं एकाच बैठकीत करावी लागतात.

आई-बाळाच्या आठ-दहा जोड्या, पंधरवड्यातून एकदा, सव्वा तास. पहिली पंधरा मिनिटं आयांची: झोप किती झाली, जेवण झालं का, हाताशी कोण आहे. मग खेळ. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कार्यकर्ती बाळाला स्वतःच्या मांडीवर घेऊन 'असं करा' दाखवते. बाळ तिच्याकडे बघून हसतं आणि आधीच खचलेल्या आईला वाटतं, मलाच जमत नाही. बाळ आईकडेच राहू द्या. कार्यकर्तीने फक्त घडलेलं दाखवून द्यायचं: "तुम्ही बोललात तशी त्याने मान वळवली, बघितलंत?" बाळाने आवाज काढला की आईने तसाच आवाज काढायचा आणि पाच-दहा सेकंद थांबायचं. ते थांबणंच सगळ्यांना जड जातं. घरी करायला एकच गोष्ट द्या, तीही रोजच्या कामातली, म्हणजे लंगोट बदलताना दोन मिनिटं. चार गोष्टी दिल्या तर एकही होत नाही, वर अपराधीपणा वाढतो.

नैराश्याच्या चाचणीसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पुरते: मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण २७ गुण. १० किंवा जास्त आले तर पुढच्या तपासणीला पाठवा. नववा प्रश्न 'मेलेलं बरं' अशा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्यात शून्याहून जास्त गुण आले तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी तज्ज्ञाशी गाठ घालून द्या आणि तोवर तिला एकटं सोडू नका. प्रश्न एकांतात विचारा, घरच्यांसमोर उत्तरं बदलतात. आणि पाठवायचं कुठे हे ठरलेलं नसेल तर चाचणी सुरूच करू नका.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही टिकलं तर चाचणी घ्या. झोपच न लागणं, भास होणं, बाळाबद्दल विचित्र समजुती, असं दिसलं तर प्रश्नावली बाजूला ठेवून तडक रुग्णालय.

हजेरी गळतेच. जी आली नाही तिला त्याच दिवशी फोन, सलग दोनदा चुकली तर घरी भेट. उत्साहाने येणाऱ्यांवर सगळा वेळ जातो, अडचणीत असलेली बहुधा न आलेल्यांतच असते.