डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरची लांबी सारखी असायलाच हवी का?

नाही, लांबी सारखी नसली तरी चालते. तुमचा ॲम्प्लिफायर खोलीच्या एका टोकाला आहे, डाव्या स्पीकरला २ मीटर वायर पुरते आणि उजव्याला ८ मीटर लागते. म्हणून दोन्हीकडे ८ मीटर टाकून डावीकडची उरलेली गुंडाळून ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जिथे जेवढी लागेल तेवढीच टाका, फक्त वायर जाड घ्या.

लांब वायरमुळे आवाज उशिरा पोहोचेल ही भीती बहुतेकांना असते. वायरमधून सिग्नल साधारण सेकंदाला दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. म्हणजे ६ मीटरच्या फरकाने होणारा उशीर सुमारे ३० नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग पुढे सरकतो. ऐकताना तुमची मान जराशी वळली तरी त्याच्या कित्येक पट फरक पडतो, त्यामुळे हा मुद्दा मनातून काढूनच टाका.

खरा प्रश्न रेझिस्टन्सचा, म्हणजे वायर करंटला जो अडथळा करते त्याचा आहे, आणि तो लांबीइतकाच जाडीवर ठरतो. तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएम (हे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे तिची जाडी) वायरचा रेझिस्टन्स जाण्या-येण्याच्या दोन्ही तारा धरून मीटरला साधारण ०.०१४ ओहम येतो. ८ मीटरला झाला ०.११ ओहम, २ मीटरला ०.०३. स्पीकर ८ ओहमचे असतील तर दोन्ही बाजूंच्या आवाजात फरक पडेल साधारण ०.१ डेसिबलचा. तो कानाला कळत नाही. आता हेच अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या बारीक वायरने आणि ४ ओहमच्या स्पीकरवर करून बघा: ८ मीटरला ०.५५ ओहम, आणि दोन बाजूंमधला फरक पाऊण डेसिबलच्या वर. एवढ्या फरकाने गायकाचा आवाज मधून थोडा एका बाजूला सरकू शकतो. शिवाय स्पीकरचा इम्पिडन्स (ओहममध्ये सांगितला जाणारा त्याचा करंटला होणारा विरोध) सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा नसतो, त्यामुळे लांब वायरच्या बाजूचा टोनही किंचित बदलतो. हा बदल बॅलन्सच्या नॉबने भरून निघत नाही.

म्हणून वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा नियम मला सगळ्यात उपयोगी वाटतो. त्या हिशेबाने ४ ओहमच्या स्पीकरला अडीच स्क्वेअर एमएमची वायर १४ मीटरपर्यंत चालते, दीडची ८ मीटरच्या थोडी पुढेपर्यंत. तुम्ही अडीचचीच घ्या. घेताना ती निव्वळ तांब्याची आहे ना, एवढं मात्र नक्की बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर (तिच्यावर ‘सीसीए’ लिहिलेलं असतं) दिसायला अगदी तशीच असते, पण तिचा रेझिस्टन्स जवळपास दीडपट किंवा त्याहून जास्त असतो.

गुंडाळलेल्या वायरबद्दलही थोडं सांगतो, कारण तिची कॉइल होऊन ट्रेबल कमी होतो असं ठामपणे सांगणारे भेटतात. स्पीकरच्या वायरमध्ये दोन तारा शेजारी शेजारी असतात आणि त्यांतला करंट उलटसुलट दिशांनी वाहतो, त्यामुळे दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. गुंडाळी करून इंडक्टन्स (कॉइलचा तो गुण ज्याने ट्रेबल दबतो) फारसा वाढत नाही. तेव्हा आधीच विकत घेतलेली वायर कापायला जीव होत नसेल तर खुशाल गुंडाळून मागे ठेवा. पण मुद्दाम ६ मीटर जास्तीची विकत घेऊ नका.

कापण्याआधी स्पीकरची जागा मात्र पक्की करा. भिंतीपासून थोडे पुढे-मागे सरकवून, आत वळवून ऐका, आणि मग प्रत्येक बाजूला अर्धा मीटर जास्तीची ठेवून कापा. तुमच्या बसायच्या जागेपासून दोन्ही स्पीकरचं अंतर टेपने मोजा. इथे ३० सेंटिमीटरचा फरक असेल तर आवाज जवळपास एक मिलिसेकंद मागेपुढे होतो, म्हणजे वायरमधल्या उशिराच्या सुमारे तीस हजार पट, आणि गाणं सरळ जवळच्या स्पीकरकडे ओढलं जातं. अंतर सारखं करता येत नसेल आणि तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये डिलेची (जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची) सोय असेल तर ती वापरा.

सगळं जोडून झालं की एखादं मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा. तो पसरट, कुठून येतोय ते न कळणारा वाटला आणि बेसही गायब झाला, तर एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागली आहे. लांब वायर फर्निचरमागून नेताना हे सहज होतं. त्या एकाच स्पीकरची दोन टोकं अदलाबदल करा.