पगार वाढवूनही माणसं टिकत नाहीत, तर आधी काय बघावं?

मालवणजवळ तुमचं हॉटेल आहे, 12 माणसं कामाला आहेत. पगार वाढवला, तरी चतुर्थीला घरी गेलेल्यांतली निम्मी परत येत नाहीत, आणि कामाची जागा त्यांना हवीशी वाटावी म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी चार वर्षं गोव्यात एका हॉटेलात नोकरी केली आणि आता कुडाळ तालुक्यात काजूचा कारखाना चालवतो. दोन्हीकडे जे पाहिलं ते सांगतो.

चतुर्थीला गेलेला माणूस आला नाही, तर त्याचं जायचं बहुतेक वेळा जून-जुलैतच ठरलेलं असतं. "तरवो लावूचो आसा" (भाताची रोपं लावायची आहेत) म्हणून त्याने चार दिवस मागितलेले असतात आणि आपण "आताच कशाला?" म्हणून उडवून लावलेलं असतं. तो वाद घालत नाही. चतुर्थीपर्यंत थांबतो, हातात पैसे घेतो आणि जातो. आपल्याकडे बहुतेकांची थोडी का होईना भातशेती आहे आणि लावणी पावसाच्या वेळेवर होते, मालकाच्या वेळेवर नाही.

तुमच्या धंद्यात तर हे सोपं आहे. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, स्कुबा बंद, खोल्या रिकाम्या. तेव्हा लावणीला आठ दिवस भरपगारी सुट्टी दिलीत तर तुमचं फार काही अडत नाही. नाताळ आणि मे महिन्यात तुम्हाला सगळी माणसं लागतात. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत बोलून घ्या. जूनमध्ये ज्याचं ऐकलं, तो डिसेंबरात रजा मागताना दहादा विचार करतो. माझ्याकडे हेच चालतं, फक्त महिने वेगळे: काजूबीची खरेदी मार्चपासून मेपर्यंत, तेव्हा मला माणूस हवा.

सुट्ट्यांचं आणखी एक. राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा 2025 पर्यंत दहा किंवा जास्त माणसं असली की लागू व्हायचा; आता ती मर्यादा वीस झाली आहे, म्हणजे बारा जणांमुळे तुम्हाला तो सक्तीचा नाही, पण त्यातली पद्धत घेण्यासारखी आहे. त्यात वर्षाला 8 सणाच्या भरपगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. हे "मिळून" फार जण विसरतात आणि एक यादी भिंतीवर चिकटवून मोकळे होतात. बारा जणांना विचारून बघा. चतुर्थी आणि शिमगा सगळेच सांगतील, पुढे मात्र प्रत्येकाच्या गावची जत्रा वेगळी निघेल. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, ती छापील यादीत आधीपासून कशी असणार? तिथे बदली माणसाची सोय करा, पण त्याला जाऊ द्या.

आता माझ्याकडची एक गोष्ट, कारण ती मला उशिरा कळली. काजूगर सोलायच्या कामाला किलोवर मजुरी असते. संध्याकाळी वजन व्हायचं, मुकादम आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. काट्याचा आकडा मुकादमाच्या बाजूला. एक दिवस एक मावशी टाचा उंचावून पलीकडून आकडा बघायचा प्रयत्न करताना दिसल्या. आठ वर्षं त्या माझ्याकडे होत्या आणि आठ वर्षांत त्यांनी स्वतःचं वजन स्वतः वाचलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी काटा बायकांकडे तोंड करून ठेवला आणि प्रत्येकीला छोटी वही दिली, आकडा त्यांनीच लिहायचा. आधी सोडून गेलेल्या दोघी दीड महिन्यात परत आल्या. मजुरीचा दर तोच होता.

तुमच्याकडे काटा नाही, पण टीपचा डबा आहे. तो कोण उघडतं? सगळ्यांसमोर मोजून वाटता का? भांडी घासणाऱ्याला त्यातलं काही मिळतं का?

पीएफबद्दल: कायद्याने तो 20 माणसांपासून सक्तीचा आहे, पण त्याखालीही स्वेच्छेने घेता येतो. आम्ही 28 जण आहोत, त्यामुळे 12 टक्के त्यांचे, 12 टक्के माझे. नुसतं कापून भागत नाही. पासबुक त्यांच्या मोबाइलवर उघडून दाखवा. दहा वर्षं भरली की 58 नंतर पेन्शन, हे समजावून सांगितल्यावर सहा-सात वर्षं झालेली माणसं नोकरी बदलताना थांबतात.

शेवटी हॉटेलचं. गोव्यात मी जिथे होतो तिथे स्टाफची खोली जनरेटरला लागून होती. दुपारी तीन ते साडेसहा सुट्टी, पण घर लांब, खोलीत झोप नाही, म्हणून आम्ही समुद्राच्या कठड्यावर उन्हात बसायचो. गिऱ्हाईकाला सुरमईचं ताट आणि आम्हाला सकाळची उरलेली आमटी. पगार चांगला होता, तरी मी सोडलं. म्हणून तुम्ही एकदा दुपारी स्टाफच्या खोलीत तासभर पडून बघा. पंखा चालतो का, गादीला वास येतो का, बायकांना कपडे बदलायला कडीचं दार आहे का. आणि रात्री अकराला हॉटेल बंद झाल्यावर कोण कसं घरी जातं? शेवटची एसटी तर कधीच गेलेली असते. एक रिक्षा महिन्याच्या बोलीवर ठरवलीत तर येणारा खर्च नवा माणूस शोधून शिकवण्यापेक्षा नक्की कमी असेल.

तुमच्या बारा जणांपैकी मुक्कामाला किती आणि रोज ये-जा करणारे किती, ते कळवा. त्यावरून ड्युटीच्या वेळा कशा लावाव्या ते सांगता येईल.