बेसिनखालची सापाची टोपली

प्रश्न : काका, नमस्कार. दिवाळीआधी आम्ही बाथरूम नवीन करून घेतलं. लादी पुसायला सोपी जावी म्हणून खांब नसलेलं, भिंतीवर टांगायचं बेसिन घेतलं. पण वाकून बघितलं की जीव नकोसा होतो. स्टीलच्या जाळीचे दोन लांबलचक पाईप एकमेकांत गुंतलेत, त्यातला एक पार पुढे पोट काढून आलाय, आणि मधोमध पांढरा घड्याघड्यांचा, सांडपाण्याचा वेस्ट पाईप. माझी लेक त्याला सापाची टोपली म्हणते. प्लंबरला विचारलं तर म्हणाला, "पाणी येतंय ना, मग?" टाईल्स लागून गेल्यात. अँगल कॉक (भिंतीतून निघणारे, पाणी बंद-चालू करायचे छोटे नळ) जमिनीपासून २४ इंचांवर आहेत, बेसिनची वरची कड ३२ इंचांवर. काही करता येईल, की खाली कपाट ठोकून झाकून टाकू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, कपाट ठोकू नका. झाकलं की गळती दिसत नाही, प्लायवूड फुगल्यावर कळते. आणि तुम्ही दोन मापं लिहून पाठवलीत म्हणून तुमचं अर्धं काम झालं. बहुतेक लोक नुसता फोटो पाठवतात, तोही अंधारातला.

आता गणित बघा. दोन पाईप म्हणजे तुमचा नळ मिक्सर, गरम-गार पाणी एकत्र करणारा. मिक्सरचे पाईप नळाच्या बुडात बसतात, म्हणजे साधारण ३२ इंचांवर. अँगल कॉकचं तोंड वर असतं, ते २५च्या आसपास आलं. सात इंच उंची, थोडं आडवं अंतर, सगळं धरून नऊ इंच. आणि मिक्सरच्या खोक्यातून बहुधा दीड फुटी पाईप निघतात. उरलेले नऊ इंच जाणार कुठे? ते पोट काढतात. तुमच्या प्लंबरने खोक्यात आलं ते लावलं आणि पुढच्या कामाला गेला.

तेव्हा पहिलं काम सुतळीचं. सुतळीचं एक टोक नळाच्या बुडाशी धरा, दुसरं अँगल कॉकच्या तोंडाशी, मध्ये ती हलकीशी वाकू द्या. ताणू नका. ती सुतळी कापून खिशात घाला आणि दुकानात जा. तुमच्याकडे १२ इंची कनेक्शन पाईप बसतील. मात्र मिक्सरचे पाईप साध्या नळाच्या पाईपसारखे नसतात. नळाकडचं टोक बारीक आट्यांचं असतं, आणि जोडीतल्या एकाची मान लांब तर दुसऱ्याची आखूड असते. दोन्ही भोकं शेजारी शेजारी, म्हणून मान वरखाली नसेल तर दुसरा फिरतच नाही. दोन्ही सारखे घेऊन आलात तर परत दुकानाची पायरी. जुना जोड सोबत न्या हे उत्तम.

घरी आल्यावर अँगल कॉक बंद करा, जुने पाईप सोडा, आणि नवे लावायच्या आधी कॉकच्या तोंडाला बादली धरून पाणी जोरात सोडा. नव्या बाथरूमच्या लाईनीत सिमेंटची कणी, पाईप कापल्याचा कीस असं काय काय बसलेलं असतं. ते नळाच्या जाळीत अडकलं की पंधरा दिवसांत धार बारीक होते आणि लोक नळाला नावं ठेवतात.

बारीक टोक नळात बोटांनी बसवा. त्याला रबरी रिंग असते, पाना लावलात तर रिंग चिरते. खालच्या टोकाच्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. टेप लागते ती अँगल कॉक भिंतीत बसवताना. हाताने नट घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरा, बस्स. आवळताना दुसऱ्या हाताने पाईप धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर पाईपही पिळला जातो. पिळलेला पाईप कधीच सरळ बसत नाही, सुटायला बघत असतो. तुमचे दोन्ही एकमेकांत गेलेत ते निम्मे तरी याच कारणाने.

राहिलेल्या निम्म्याचं कारण भिंतीत असू शकतं. एकच कॉक उघडा ठेवून बघा. गरम पाणी डावीकडून यायला हवं. ते उजवीकडून येत असेल तर लाईन उलटी पडलीय आणि पाईपांना एकमेकांना ओलांडावंच लागेल. मग ती आडवी-उभी अगदी वर, नळाच्या पोटाशी पडू द्या. तिथे बेसिनच्या आड ती दिसत नाही. खाली येताना दोन्ही पाईप आरशातल्यासारखे दिसले पाहिजेत : एक डावीकडे जितका वाकतो तितकाच दुसरा उजवीकडे.

त्या पांढऱ्या घड्यांच्या पाईपला रजा द्या. घडीघडीत केस आणि साबण साचतो. त्या जागी सव्वा इंची बॉटल ट्रॅप घ्या, म्हणजे वास अडवायला पोटात पाणी धरून ठेवणारी बाटली, पितळी, क्रोम केलेली. भिंतीकडे जाणारी नळी आधी लावून बघा, खूण करा, आरीने कापा, कड कानशीने घासा. भिंतीतल्या तोंडात रबर बसवा आणि फ्लँज, म्हणजे भोक झाकणारी चकती, टाईलला टेकेपर्यंत सरकवा. हातोडी नको. क्रोमवर पाईप पाना लावायचाच असेल तर मध्ये फडकं घ्या, नाहीतर दातांचे ओरखडे जन्मभर बघावे लागतात.

शेवटी पाणी सोडून सगळं कोरडं पुसा, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि झोपा. बोटाला न लागणारा थेंब सकाळी कागदावर डाग होऊन दिसतो. ही सवय मला एका रात्रीने लावली. धंद्यात नवा होतो, पुण्यात एका घरी प्लास्टिकच्या कनेक्शन पाईपचा नट मी जिवाच्या आकांताने आवळला, गळायला नको म्हणून. मध्यरात्रीनंतर तो चिरला. सकाळी त्या घरच्या आजोबांची चप्पल हॉलमध्ये तरंगत होती. पैसे मी मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत. तेव्हापासून गीझरच्या लाईनीवर प्लास्टिकचा पाईप मी कुणालाच लावू देत नाही. गरम पाण्याने तो कडक होतो आणि नटाशी तडकतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ज्यांच्या टाईल्स अजून लागायच्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो, कारण खरं काम तेव्हाच होतं. अँगल कॉक २४ ऐवजी १८ इंचांवर घ्या, मग खोक्यातला दीड फुटी पाईपही शहाण्यासारखा बसतो. बेसिनची मधली रेषा भिंतीवर ओळंब्याने मारा. वेस्टचं तोंड त्या रेषेवर, आणि कॉक तिच्यापासून चार-चार इंच दोन्हीकडे. त्याहून जवळ घेतलेत तर ट्रॅपच्या बाटलीमागे बोटं जात नाहीत. कॉक ज्यात फिरवून बसतो त्या भिंतीतल्या पितळी एल्बोचं तोंड तयार टाईलच्या पातळीत यायला हवं. प्लास्टर, चिकटवायचा माल आणि टाईल मिळून इंच-सव्वा इंच भरतो, तो आधीच धरावा लागतो. एल्बो आत राहिला की मिस्त्री एकापुढे एक लांबी वाढवायचे दोन एक्स्टेन्शन निप्पल लावतो, कॉक मान टाकतो आणि फ्लँज भिंतीपासून दोन सूत सुटून उभा राहतो. गवंड्याने हात लावायच्या आधी दोन्ही एल्बोंत पाईपचे लांब तुकडे फिरवून त्यांच्यावर आडवी लेव्हल बाटली ठेवा. बुडबुडा खोटं बोलत नाही, मिस्त्री बोलू शकतो.

आणि बेसिन टांगायच्या आधी जमिनीवर गोधडी अंथरून ते पालथं घाला. नळ, पाईप आणि वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळच्या भोकातला जोड, तिथेच बसवा. वरच्या पाण्याचं भोक (बेसिन भरून वाहू नये म्हणून कडेखाली असतं ते) असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड, म्हणजे अर्ध्याच भागावर आटे असलेलं कपलिंग लागतं, नसलेल्याला फुल थ्रेड. मग दोघांनी उचलून बोल्टवर चढवायचं. टांगल्यावर खाली उताणं झोपून नट फिरवणारा प्लंबर वाकडाच नट लावणार, त्याचाही दोष नाही.

माझे उस्ताद कोल्हापूरचे. त्यांच्या हातात जाळीचे पाईप नव्हतेच, तांब्याच्या नळ्या असायच्या. नळीत कोरडी वाळू ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाच्या खुंट्या, आणि गुडघ्यावर ठेवून हळूहळू वाकवायची. वाळूमुळे नळी चेपत नसे. पाव इंच चुकलं तर नळी फुकट, म्हणून ते आधी तारेचा नमुना करायचे. तुमची सुतळी म्हणजे त्या तारेची नात.

झाकायचंच असेल तर हाफ पेडस्टल मिळतं, बेसिनखाली टांगायचं चिनी मातीचं अर्धं आवरण. पण ते पांढऱ्या सिमेंटने चिकटवू देऊ नका. नट बदलायचा तर ते फोडावं लागतं.

प्रश्न : गावाकडच्या घरात आम्ही चार-सहा महिन्यांनी जातो. बेसिन नवं, बॉटल ट्रॅपही नवा, तरी दार उघडलं की वास येतो. ट्रॅप खराब आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ट्रॅप ठीक आहे, त्यातलं पाणी उडून गेलंय. वास अडवतं ते पाणीच. गेल्या गेल्या बेसिनमध्ये एक तांब्या ओता, जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमध्येही ओता. निघताना दोन्हीकडे पाणी भरून वर चमचाभर गोडं तेल सोडा. तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर उडत नाही.