गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या कोणत्या स्त्रिया विस्मृतीत गेल्या?

माझ्या मते सगळ्यात आधी लिबिया लोबो सरदेसाई. १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षं त्या आणि त्यांचे सहकारी (पुढे पती) वामन सरदेसाई सीमेवरच्या जंगलात राहून गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. कोकणी आणि पोर्तुगीज, दोन्ही भाषांत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरमुळे गोव्यातल्या वर्तमानपत्रांत जे छापून येत नसे, ते लोक या केंद्रावर ऐकत. घाटातला पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला सहा पावसाळे रानात काढणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको! १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची घोषणा यांनीच केली. पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, वयाची शंभरी उलटल्यावर. यावर काय बोलायचं?

दुसऱ्या सुधाताई जोशी. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी, ही ओळख बहुतेकांना असते. पण ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात पोर्तुगीजांची बंदी मोडून झालेल्या नॅशनल काँग्रेस गोवा या मुक्तिलढ्यातल्या संघटनेच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष त्या होत्या. तिथेच अटक झाली आणि पुढे काही वर्षं तुरुंगवास.

वत्सला कीर्तनी यांचंही नाव घ्यायला हवं. १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांना अटक झाल्यावर घोषणा देत पुढे आलेली ही तरुण मुलगी. लोहिया मैदान सगळ्यांना माहीत आहे, वत्सलाताई किती जणांना?

घरात जुनी माणसं असतील तर आधी त्यांना विचारा. आमच्याकडे आजीला या रेडिओबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघालं.